खापर कोणाच्या डोक्यावर? अमेरिकेच्या निवडणुकीनंतरचं दुःख आणि दोषारोप

८ नोव्हेंबर २०१६ रोजी अमेरिकेत अध्यक्षपदासाठी साडेतेरा कोटींहून जास्त मतं पडली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी क्लिंटन यांना रिपब्लिकन पक्षाच्या डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा जवळपास २८ लाख ७० हजार मतं जास्त मिळाली आणि तरीही त्या हरल्या. कारण तिथे अध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक इलेक्टोरल मतं असतात, सगळी मिळून ५३८. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली, तर राज्यात जो एका मतानंही पुढे असेल, त्याच्या पदरात त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं पडतात. २७० झाली की अध्यक्षपद मिळालं.

२०१६ चा निकाल तीन राज्यांवर फिरला. मिशिगनमध्ये ट्रम्प १०,७०४ मतांनी पुढे होते, विस्कॉन्सिनमध्ये २२,७४८ आणि पेनसिल्व्हेनियात ४४,२९२. तिन्हींची बेरीज ७७,७४४. एखाद्या मोठ्या स्टेडियममध्ये मावतील एवढी माणसं. ही तीन राज्यं पलटली असती तर क्लिंटन अध्यक्ष झाल्या असत्या.

ही बेरीज लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचे कित्येक महिने जी चीड उसळली तिला वाट या आकड्यानंच करून दिली. 'फक्त एवढीच मतं!' असं म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: मग ती कोणामुळे गेली? जी माणसं आदल्या दिवसापर्यंत एका बाजूनं लढत होती ती दुसऱ्या दिवशी एकमेकांना 'हे तुझ्यामुळे झालं' असं का म्हणू लागतात, हे समजून घ्यायचं तर आधी दुःखाकडे बघावं लागेल आणि मग गणिताकडे.

हरल्याचं दुःख किती खरं?

खूप खरं. 'राजकारणासाठी कोणी एवढं रडतं का' असं म्हणणाऱ्यांनी २०१२ च्या निवडणुकीवरचं एक संशोधन पाहावं. ओबामांनी मिट रॉम्नी यांना हरवलं तेव्हा लोक किती आनंदी, किती दुःखी आहेत याच्या नोंदी संशोधकांकडे रोजच्या रोज येत होत्या. रिपब्लिकन मतदारांच्या मनःस्थितीत जी घसरण झाली ती त्याच काळातल्या दोन भयंकर घटनांशी ताडून पाहिली गेली. एक, न्यूटाउनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर लहान मुलांच्या आईवडिलांना बसलेला धक्का. दुसरी, बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर बॉस्टनकरांना बसलेला धक्का. निवडणूक हरल्याची घसरण या दोन्हींच्या सुमारे दुप्पट होती. ऐकायला विचित्र वाटतं, पण मोजमाप तसं आहे. जिंकलेल्यांचा आनंद मात्र फारसा वाढला नव्हता. हरणं जितकं लागतं तितकं जिंकणं सुखावत नाही.

शरीरालाही हे कळतं. २००८ मध्ये निकालाच्या रात्री काही मतदारांच्या लाळेचे नमुने घेऊन टेस्टोस्टेरॉन मोजलं गेलं. ओबामांकडून हरलेल्या जॉन मॅकेन यांना मत दिलेल्या पुरुषांमध्ये ते निकालानंतर थोड्याच वेळात घसरलेलं दिसलं. ते स्वतः कुठल्याही आखाड्यात उतरले नव्हते, घरी टीव्हीसमोर बसून होते. तरी त्यांच्या शरीरानं तो पराभव स्वतःचा मानला.

पण याच संशोधनांत दुसरी बाजूही आहे. २०१२ चं दुःख साधारण आठवड्याभरात ओसरलं. त्याआधी १९९४ मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरपदासाठी अ‍ॅन रिचर्ड्स आणि जॉर्ज बुश यांची लढत झाली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारांना विचारलं होतं, 'तुमचा उमेदवार हरला तर महिन्याभरानं तुम्हाला कसं वाटत असेल?' रिचर्ड्स यांच्या समर्थकांना वाटलं की आपण खचलेले असू. महिन्यानं पुन्हा विचारलं तेव्हा ते पूर्वीइतकेच ठीक होते, आणि बुश यांच्याबद्दलचं त्यांचं मतही त्यांना वाटलं होतं त्याहून बरं झालं होतं. मन स्वतःला सावरतं, फक्त ते सावरेल याचा अंदाज आपल्याला आधी येत नाही.

मग २०१६ चं दुःख इतकं का लांबलं? मला दोन कारणं महत्त्वाची वाटतात. पहिलं, ध्यानीमनी नसताना बसलेला फटका. निवडणुकीच्या दिवशी सकाळी क्लिंटन जिंकण्याची शक्यता न्यूयॉर्क टाइम्सनं ८५ टक्के धरली होती, हफिंग्टन पोस्टनं ९८ टक्के. निवडणुकांचे अंदाज बांधणाऱ्या फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळानं ७१ टक्के म्हटलं तर डेमोक्रॅट त्यांच्यावरच चिडले. ज्यांनी मनात विजय साजरा करून ठेवला होता त्यांना सावरायला उसंतच मिळाली नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे आणि ते दुःखात न मोजता भीतीत मोजलं पाहिजे. रॉम्नी हरले म्हणून कोणा रिपब्लिकन मतदाराला देश सोडावा लागणार नव्हता. २०१६ नंतर लहानपणी कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आणल्या गेलेल्या लाखो तरुणांना हा प्रश्न खरोखरच होता. सात मुस्लिमबहुल देशांतल्या नागरिकांवरची प्रवेशबंदी २७ जानेवारी २०१७ रोजी, म्हणजे शपथविधीनंतर आठवड्याभरात आली. आपल्याकडच्या ज्या घरांतली मुलं, सुना, जावई तिकडे एच-१बी वर नोकरी करतात त्यांनाही हे दिवस आठवत असतील. फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलेथा इथे 'माझ्या देशातून चालते व्हा' असं ओरडत एका भारतीय इंजिनिअरला गोळी घालून मारलं गेलं, तेव्हा पुण्या-नाशिकच्या आईवडिलांचा फोन रोज जाऊ लागला होता. अशा भीतीला 'आठवड्यात विसराल' हे उत्तर देता येत नाही. निकालावरच्या प्रतिक्रियांची चर्चा करताना या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात आणि मग घाबरलेल्यालाही 'रडका' म्हटलं जातं. ते अन्यायाचं आहे.

दोषाचं गणित

आता खापर फोडण्याकडे येऊ. २०१६ नंतर आरोपींची यादी लांबलचक होती. मतदानाला अकरा दिवस राहिले असताना क्लिंटन यांच्या ई-मेलच्या चौकशीचं पत्र संसदेला पाठवणारे एफबीआयचे प्रमुख जेम्स कोमी. डेमोक्रॅटिक पक्षाचे ई-मेल चोरून फोडणारे रशियन हॅकर. पक्षाचा उमेदवार ठरल्यानंतर विस्कॉन्सिनमध्ये एकदाही प्रचाराला न गेलेल्या खुद्द क्लिंटन. पक्षाच्या उमेदवारीसाठी क्लिंटन यांच्याशी लढून हरलेल्या बर्नी सँडर्स यांचे नाराज समर्थक. घरी बसलेले मतदार. गोऱ्या स्त्रिया. फेसबुक. वृत्तवाहिन्या. आणि ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांना मत देणारे लोक.

स्टाइन यांचं उदाहरण जरा जवळून बघू, कारण त्यात सगळी गोम आहे. मिशिगनमध्ये त्यांना ५१,४६३ मतं पडली, विस्कॉन्सिनमध्ये ३१,०७२, पेनसिल्व्हेनियात ४९,९४१. तिन्ही ठिकाणी ट्रम्प यांच्या आघाडीपेक्षा जास्त! कागदावर हा पुरावा अगदी चोख दिसतो आणि लाखो लोकांनी तो तसाच मानला.

पण हा पुरावा उभा राहतो एका गृहीतकावर: स्टाइन नसत्या तर त्यांचा मतदार न चुकता बाहेर पडून क्लिंटन यांना मत देऊन आला असता. असं होत नाही. २००० साली अल गोर आणि जॉर्ज बुश यांच्या लढतीत तिसरे उमेदवार असलेल्या राल्फ नेडर यांच्या मतदारांना मतदानकेंद्राबाहेर विचारलं होतं, 'नेडर नसते तर?' जवळपास निम्मे म्हणाले गोर, पाचातला एक म्हणाला बुश, आणि तब्बल ३० टक्के म्हणाले, मग मी आलोच नसतो. आता पेनसिल्व्हेनियात क्लिंटन यांना स्टाइन यांची जवळजवळ ८९ टक्के मतं मिळायला हवी होती, तीही एकही मत ट्रम्प यांच्याकडे न जाता. विस्कॉन्सिनमध्ये ७३ टक्के. नेडर यांच्या मतदारांचा मासला धरला तर मिशिगन कदाचित पलटलं असतं, बाकी दोन राज्यं नाहीत. आणि एकट्या मिशिगननं काहीच झालं नसतं.

शिवाय स्टाइन यांना पुसायचं तर लिबर्टेरियन पक्षाच्या गॅरी जॉन्सन यांनाही पुसावं लागेल. त्यांना पेनसिल्व्हेनियात १,४६,७१५ मतं होती, स्टाइन यांच्या जवळपास तिप्पट, आणि त्यांच्या मतदारांत रिपब्लिकन पक्षावर रुसलेले पुष्कळ होते. ते परत फिरले असते तर ट्रम्प यांची आघाडी वाढलीही असती. हा हिशेब मात्र कोणी मांडत नव्हतं.

दुसरीकडे विस्कॉन्सिनमधलं मिलवॉकी शहर बघा. तिथे २०१२ च्या तुलनेत सुमारे ४१ हजार मतं कमी पडली आणि विस्कॉन्सिनचा फरक होता २२,७४८. ज्या डेट्रॉइटमधून आता आपले बेळगावचे श्री ठाणेदार संसदेत निवडून जातात त्या डेट्रॉइटच्या वेन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) क्लिंटन यांना ओबामांपेक्षा ७५ हजारांच्या आसपास मतं कमी मिळाली; मिशिगनचा फरक १०,७०४. म्हणजे घरी बसलेले मतदार दोषी? त्यातही विस्कॉन्सिनमध्ये ओळखपत्राची सक्ती नव्यानं आली होती. मग तो कायदा करणारे दोषी?

पेनसिल्व्हेनियातली लुझर्न काउंटी ही तर वेगळीच कथा. एकेकाळी दगडी कोळशाच्या खाणींचा हा मुलूख. खाणी गेल्या, मग कारखाने गेले. त्यातल्या हेझल्टन गावात २००० साली लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांची, वस्ती ५ टक्क्यांच्या आसपास होती, २०१० मध्ये ३७ टक्के झाली. २००६ मध्येच या गावानं कागदपत्रं नसलेल्यांना घर भाड्यानं देणाऱ्यांना दंड ठोठावण्याचा ठराव केला होता, जो पुढे न्यायालयात टिकला नाही. याच काउंटीनं ओबामांना दोनदा निवडून दिलं होतं. २०१६ मध्ये ती ट्रम्प यांच्याकडे सुमारे २६ हजार मतांनी झुकली, म्हणजे संपूर्ण राज्यातल्या फरकाच्या निम्म्याहून जास्त. इथला मतदार का फिरला? रोजगार गेला म्हणून, की नवे शेजारी आले म्हणून? यावर अभ्यासकांचे अजून वाद चालू आहेत, आणि माझ्या मते दोन्हींना एकमेकांपासून सोडवताच येत नाही.

आता हे सगळं एकत्र ठेवून पाहा. एका धावेनं सामना गेला की सुटलेला झेल, नो-बॉल, धावबाद झालेला सलामीवीर, यातल्या प्रत्येकाबद्दल 'हे नसतं तर जिंकलो असतो' हे वाक्य खरं असतं. फरक जितका कमी, तितकी 'यामुळेच हरलो' म्हणता येतील अशी कारणं जास्त. त्यामुळे आकड्यांवरून दोषी ठरवता येत नाही. आकडे सगळ्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात आणि त्यातून एकाला निवडण्याचं काम आपला आधीचा राग करतो.

तसंच झालं. उमेदवार ठरवण्याच्या लढाईत सँडर्स यांच्या लोकांशी ज्यांचं वाजलं होतं त्यांना सँडर्स यांचे लोक दोषी दिसले. सँडर्स यांच्या बाजूच्यांना पक्षाचे पुढारी दोषी दिसले. एका मोठ्या सर्वेक्षणानुसार सँडर्स यांच्या मतदारांपैकी सुमारे १२ टक्क्यांनी शेवटी ट्रम्प यांना मत दिलं, आणि हा आकडा वर्षानुवर्षं तोंडावर फेकला गेला. पण २००८ मध्ये पक्षांतर्गत लढतीत क्लिंटन यांना मत दिलेल्यांपैकी साधारण पाव मतदार अंतिम निवडणुकीत मॅकेन यांच्याकडे गेले होते. ते कोणाला आठवतही नाही, कारण ओबामा जिंकले. जिंकल्यावर असा हिशेब कोणी मागत नाही.

आपलीच माणसं का सापडतात?

ज्यांनी ट्रम्प यांना उघडउघड मत दिलं त्यांच्यापेक्षा स्टाइनवाले, सँडर्सवाले, गोऱ्या स्त्रिया यांच्यावर राग जास्त का निघाला? विरोधकाकडून आपली काही अपेक्षाच नसते. आपल्या गोटातला माणूस चुकला की तो दगा वाटतो. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवलं की गटाबाहेरच्या वाईट माणसापेक्षा गटातल्या वाईट माणसाला लोक जास्त कठोरपणे जोखतात. याला 'ब्लॅक शीप इफेक्ट' म्हणतात. शिवाय विरोधक दूर असतो, सँडर्सवाला भाचा समोर बसलेला असतो. वड्याचं तेल वांग्यावर निघतं.

गोऱ्या स्त्रियांचं प्रकरण तर आकड्याच्या घाईचं आहे. त्यांच्यापैकी ५३ टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिलं, असं मतदानकेंद्राबाहेरच्या पाहणीवरून निकालाच्या पाठोपाठ जाहीर झालं आणि त्या एका आकड्यानं मैत्रिणी-मैत्रिणींत फूट पाडली. प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण संस्थेनं ऑगस्ट २०१८ मध्ये, प्रत्यक्ष मतदान केल्याची नोंद तपासलेल्या लोकांच्या आधारावर, वेगळं चित्र मांडलं: ४७ टक्के ट्रम्प, ४५ टक्के क्लिंटन. बहुमत नव्हतंच, जवळपास बरोबरी होती. पण तोवर पावणेदोन वर्षं त्या ५३ टक्क्यांवर लेख, भाषणं, फलक सगळं होऊन गेलं होतं.

घरांवर याचा काय परिणाम झाला तेही मोजलं गेलं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग असतो. आपल्या दिवाळीसारखं सगळं घर त्या दिवशी एकत्र जेवतं. लाखो मोबाइल फोनच्या ठिकाणांच्या नोंदी आणि मतदानकेंद्रांचे निकाल जुळवून संशोधकांनी दाखवलं की २०१६ मध्ये वेगवेगळ्या राजकीय कलाच्या भागांतून एकत्र आलेली जेवणं एकाच कलाच्या लोकांच्या जेवणांपेक्षा ३० ते ५० मिनिटांनी आटोपती झाली. भांडण झालं म्हणून, की भांडण होऊ नये म्हणून, ते फोनच्या नोंदीत दिसत नाही.

पराभव मान्यच केला नाही तर

आतापर्यंतचं सगळं 'आपण हरलो' हे मान्य करून चाललेलं होतं. क्लिंटन यांनी दुसऱ्याच दिवशी पराभव स्वीकारला. २००० मध्ये फ्लोरिडात अवघ्या ५३७ मतांनी मागे राहिलेल्या अल गोर यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दुसऱ्या दिवशी, १३ डिसेंबरला, तो स्वीकारला. नेता हे करतो तेव्हा तो आपल्या मतदारांच्या दुःखाला जायला एक रस्ता मोकळा करून देतो. २०२० मध्ये ट्रम्प यांनी तो रस्ताच बंद केला. बायडेन यांना ३०६ इलेक्टोरल मतं आणि ७० लाखांहून जास्त मतांची आघाडी होती, ६० हून अधिक दावे न्यायालयांत गेले आणि जवळजवळ सगळेच फेटाळले गेले. तरी 'निवडणूक चोरली' हे त्यांनी सोडलं नाही.

मग राग मतदारांवर न जाता यंत्रणेवर गेला, आणि यंत्रणा म्हणजे शेवटी माणसंच. जॉर्जियात फरक होता ११,७७९ मतांचा. ती मतं तीनदा मोजली गेली, त्यात एकदा सगळी हातानं. अटलांटातल्या मोजणीकेंद्रात काम करणाऱ्या एका आईनं मुलीच्या हातात काहीतरी दिलं, असा कॅमेऱ्यातला तुकडा पसरवला गेला आणि ती मतं बदलणारी यूएसबी ड्राइव्ह असल्याचं सांगितलं गेलं. ती आल्याची गोळी होती, चघळायची. मुलीनं जून २०२२ मध्ये संसदेच्या समितीपुढे शपथेवर हे सांगितलं. तोवर धमक्यांमुळे आईला घर सोडावं लागलं होतं आणि भर दुकानात स्वतःचं नाव ऐकायचीही तिला भीती वाटत होती. डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीनं ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी यांना या दोघींना १४ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई द्यायला सांगितली. ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉलवरच्या, म्हणजे संसद भवनावरच्या, हल्ल्याची चित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. मला मात्र दोषारोप किती खाली, किती साध्या माणसापर्यंत पोचतो हे या आल्याच्या गोळीनं जास्त कळलं.

२०२४ मध्ये पुन्हा तेच

कमला हॅरिस हरल्या तेव्हा बोटं आधी मिशिगनमधल्या डिअरबॉर्नकडे वळली. तिथली अरब वस्ती गाझातल्या युद्धामुळे डेमोक्रॅटिक पक्षावर संतापली होती. शहरात ट्रम्प पहिले आले आणि स्टाइन यांनाही भरपूर मतं पडली. पण या वेळी स्टाइन यांची मिशिगनभरातली सगळी मतं ४५ हजारांच्या आत होती आणि ट्रम्प यांची आघाडी सुमारे ८० हजारांची. मिशिगन मिळालं असतं तरी ट्रम्प यांची ३१२ इलेक्टोरल मतं २९७ वर आली असती. त्या शहरातल्या अनेकांनी युद्धात आपले नातेवाईक गमावले होते, आणि त्यांना 'आता भोगा' असं त्यांच्याच शेजाऱ्यांनी ऐकवलं.

दुसरं बोट घरी बसलेल्यांकडे होतं: सगळे मतदानाला आले असते तर हॅरिस जिंकल्या असत्या, हा डेमोक्रॅटांचा जुना विश्वास. प्यूनं याही वेळी नोंदी तपासून पाहणी केली. मतदान न केलेल्यांमध्ये ४४ टक्क्यांचा कल ट्रम्प यांच्याकडे निघाला, ४० टक्क्यांचा हॅरिस यांच्याकडे. म्हणजे सगळेच्या सगळे आले असते तरी निकाल फारसा हलला नसता. ही पाहणी जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, निकालानंतर सात महिन्यांनी.